ती एक उन्हाळा नाचली : सगळे तळ्यातल्या अंघोळीबद्दल बोलतात, पाद्रीबाबांबद्दल कोणीच नाही

उत्तरवारा

नमस्कार मंडळी,

गोथेनबर्गला (इथली माणसं योतेबोरी म्हणतात) राहायला येऊन मला आता नऊ वर्षं होतील. भाषेच्या क्लासच्या बाई आम्हाला जुने स्वीडिश सिनेमे बघायला लावायच्या, कान तयार होतो म्हणायच्या, ती सवय क्लास संपला तरी राहिली. गेल्या शनिवारी बघितलेला एक सिनेमा डोक्यातून जातच नाहीये म्हणून हा धागा.

सिनेमाचं नाव 'हून दान्सादे एन सोम्मार', म्हणजे 'ती एक उन्हाळा नाचली'. इंग्रजीत तो 'वन समर ऑफ हॅपिनेस' या नावाने दाखवला गेला. साल १९५१, ब्लॅक अँड व्हाइट, दिग्दर्शक आर्ने मात्सन. पेर ओलोफ एकस्ट्रम यांच्या १९४९ च्या कादंबरीवर घेतलेला आहे. नायिका उल्ला याकोबसन आणि नायक फोल्के सुंदक्विस्त.

गोष्ट साधी आहे. यॉरान नावाचा शहरातला मुलगा, नुकताच शाळेची शेवटची परीक्षा पास झालेला, उन्हाळ्यासाठी काकाच्या शेतावर येतो. तिथे त्याला शेश्टिन भेटते (लिहितात केर्स्टिन, म्हणतात शेश्टिन, मला हे कळायला दोन वर्षं लागली होती). ती कडक धार्मिक नातेवाइकांच्या धाकात वाढलेली. गावातल्या पोरापोरींना एकत्र जमायचंय, नाटक बसवायचंय, नाचायचंय, आणि गावच्या पाद्रीबाबांना यातलं काहीच मान्य नाही, त्यांना सगळीकडे पापच दिसतं. दोघं प्रेमात पडतात, लपूनछपून भेटतात, आणि मग मोटारसायकलचा अपघात होतो आणि शेश्टिन जाते.

मी शेवट फोडला असं कोणी म्हणू नका, कारण सिनेमा सुरूच होतो तिच्या दफनाने. पहिल्याच प्रसंगात पेटी आहे, काळे कपडे घातलेलं गाव आहे, आणि पाद्री बोलतोय. तिला निरोप देताना माणूस मायेचं काहीतरी बोलेल ना, तर हा तरुणांच्या पापाबद्दल बोलतो. समोर मुलगी पेटीत आहे आणि हा तिच्यावरून इतरांना धडा देतोय. तिथून सिनेमा मागे उन्हाळ्यात जातो. त्यामुळे पुढचा सगळा उन्हाळा, ते गवत, ते तळं, ती न मावळणारी रात्र, आपण ते पाद्रीचं बोलणं कानात घेऊन बघतो. मला तर हसरे प्रसंगसुद्धा नीट बघवेनात.

आता गदारोळ कशावर झाला? तर दोघं तळ्यात कपड्यांशिवाय पोहतात त्यावर. काही सेकंदांचा प्रसंग आहे, मग काठावर एकमेकांना मिठी आणि तिच्या चेहऱ्याचा क्लोजअप. बस्स. त्यावरून स्पेनमध्ये बंदी, अमेरिकेत यायला १९५५ उजाडलं, आणि 'स्वीडिश सिनेमा म्हणजे तसलाच' हा जो शिक्का जगभर बसला त्याची सुरुवात इथून आणि दोन वर्षांनी आलेल्या दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या 'सोम्मारेन मेद मोनिका'पासून ('मोनिकाबरोबरचा उन्हाळा') धरतात. आजही या सिनेमाबद्दल कुठेही वाचायला जा, पहिल्या दोन ओळींत अंघोळ येते.

आणि माझं म्हणणं हेच आहे की ही अंघोळ हा फार सोयीचा आडोसा ठरला. अंघोळीवर भांडलं की पाद्रीवर बोलावं लागत नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये चर्चचा वरचष्मा होता, तिथल्या सेन्सॉरला उघडं अंग जास्त टोचलं असेल की धर्मगुरूला खलनायक केलेलं जास्त टोचलं असेल, याचा विचार करून बघा. उघडं अंग कापून टाकता येतं. दफनाचं भाषण कापलं तर सिनेमाच उरत नाही.

ज्यांनी बघितलाय त्यांनी लिहा प्लीज. ज्यांनी नाही बघितला त्यांनीही लिहा.

वाटसरू

छान लिहिलंयस. मी बघितलेला नाही पण एक शंका. स्वीडन म्हणजे आपल्या डोक्यात एकदम मोकळाढाकळा देश, तिथे १९५१ साली पाद्रीचं एवढं कोण ऐकत होतं? हे जरा सिनेमासाठी वाढवलेलं नाही वाटत?

उत्तरवारा

@वाटसरू, मलाही आधी असंच वाटायचं. पण इथे राहून जे कळलं ते सांगते.

इथे चर्च सरकारी होतं, थेट २००० सालापर्यंत. आणि पाद्री म्हणजे नुसता प्रार्थना सांगणारा माणूस नव्हे, गावाची वही त्याच्याकडे. कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोण गाव सोडून गेलं, कोण मेलं, सगळी नोंद चर्चच्या दप्तरात. ही नोंदणी टॅक्स खात्याकडे गेली ती १९९१ मध्ये, म्हणजे परवा परवा! एकोणिसाव्या शतकापर्यंत तर पाद्री घरोघर बसून लोकांना धर्माची प्रश्नोत्तरं पाठ आहेत का ते विचारायचा आणि कोणाला किती येतं ते त्या वहीत खुणा करून लिहायचा. मी अशा वहीचं एक पान इथल्या एका प्रदर्शनात बघितलंय. बारीक तिरक्या अक्षरात घरातल्या प्रत्येकाचं नाव, अगदी मोलकरणीचंसुद्धा, आणि पुढे रकान्यांत छोट्या छोट्या रेघा. मी किती तरी वेळ त्या मोलकरणीच्या ओळीवर बोट धरून उभी होते (काचेवर, अर्थात). ती पद्धत शेश्टिनच्या वेळी नव्हती पण त्या वहीची सावली गावावरून अशी लगेच थोडीच जाते.

आणि तारखा बघ. सिनेमा लागला डिसेंबर १९५१ मध्ये. १ जानेवारी १९५२ पासून इथे धर्मस्वातंत्र्याचा कायदा लागू झाला. त्याआधी स्वीडिश माणसाला सरकारी चर्च सोडायचं तर दुसऱ्या कुठल्यातरी मान्यताप्राप्त पंथात जावं लागायचं, 'मला कुठेच जायचं नाही' असं म्हणायची सोयच नव्हती. म्हणजे लोक थिएटरात बसून हा पाद्री बघत होते आणि बाहेर दोन आठवड्यांत त्याच्या वहीतून नाव काढायचा दरवाजा उघडणार होता. वाढवलेलं कुठलं, अगदी वेळेवर आलेला सिनेमा आहे हा.

कॅमेरावेडा

वा, आवडता विषय. मी हा सिनेमा फिल्म सोसायटीत बघितलाय, बरीच वर्षं झाली. छायाचित्रण यॉरान स्ट्रिंडबेरीचं आहे आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात सूर्य खाली खाली येतो पण बुडता बुडत नाही, तिरका लांबलचक उजेड पडतो, सावल्या हातभर होतात, पाणी दुधासारखं दिसतं. तुम्ही म्हणता ती अंघोळ अशा उजेडात आहे आणि म्हणून ती डोळ्यांना घाण वाटतच नाही. उलट गावातले प्रसंग, चर्चचे आणि त्या नातेवाइकांच्या घरातले, ते आठवताना मला काळपटच आठवतात. कोण स्वच्छ आणि कोण मळलेलं हे मात्सनने संवादांत कमी आणि उजेडात जास्त सांगितलंय.

आणि विचार करा हा सिनेमा लागला डिसेंबरात, स्टॉकहोममध्ये तेव्हा दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो, लोक अंधारातून बर्फातून येऊन हा उन्हाळा बघत असतील. गर्दी अंघोळीसाठी झाली असं सगळे म्हणतात, पण मला वाटतं अर्धे तरी उन्हासाठी आले असतील.

एक गोष्ट सुटली धाग्यात. १९५२ ला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात याला गोल्डन बेअर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळालं. बर्लिनचा तो दुसराच महोत्सव, आणि त्या वर्षी निकाल परीक्षकांनी नाही तर प्रेक्षकांनी मतं देऊन लावला होता. युद्ध संपून सात वर्षं झालेली, पश्चिम बर्लिन अजून मोडकं पडलेलं, आणि तिथल्या साध्या माणसांनी निवडला तो एका शेतावरच्या पोरीचा सिनेमा. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात स्वेन स्कल्डच्या संगीताचीही दखल घेतली गेली. नुसत्या चावटपणासाठी लोक असं करत नाहीत.

शुभा_ठाणे

मी मागच्या वर्षी बघितला आणि मला राग आला होता, तो इथे मांडते. उत्तरवारा, तुझं पाद्रीबद्दलचं सगळं पटलं. पण हा सिनेमा स्वतः किती धुतल्या तांदळासारखा आहे ते पण बघू या ना.

मरतं कोण? शेश्टिन. यॉरानला काही होतं का? दुःख होतं, हो, मोठं दुःख होतं, पण तो तरुण आहे, शिकलेला आहे, बापाचं शहरात घर आहे, तो परत जाईल. प्रेम दोघांनी केलं, पाण्यात दोघं उतरले, मोटारसायकलवर दोघं होते, आणि जमिनीखाली एकटी ती. पाद्री म्हणतो पापाचं फळ मिळालं आणि कथा त्याच्या म्हणण्याप्रमाणेच वागते की! लेखकाने पाद्रीला शिव्या घातल्या आणि शिक्षा मात्र पाद्रीला हवी होती तीच दिली. मला हे बघताना सारखं वाटत होतं की बाई गं तू जगली असतीस तर या गावाला खरी अडचण झाली असती. पोरगी समोर ताठ मानेने दुकानात येते, चर्चमध्ये येऊन बसते, अशा पोरीचं काय करायचं हा प्रश्न पाद्रीला कधी पडलाच नाही, कारण कथेने त्याला त्यातून सोडवलं.

आणि नावसुद्धा बघा, 'ती' नाचली. 'ते' का नाही?

अप्पा_मिरज

शुभाताई, प्रतिसाद फार आवडला. दोनदा वाचला.

मी सिनेमा बघितलेला नाही, माझं वय ७१, पण वाचताना मला आमचं गाव आठवलं. साधारण १९७२-७३ ची गोष्ट असेल, आम्ही पोरांनी गणपतीत नाटक बसवलं, आणि पहिल्यांदा ठरवलं की बाईचं काम मुलीनेच करायचं. एक मुलगी तयार झाली, मास्तरांची पुतणी होती. तालमी देवळाच्या ओवरीत. चौथ्या दिवशी तालमीला गेलो तर ओवरीला कुलूप. पितळी कुलूप होतं, नवीन, मला अजून दिसतं. कोणी काही बोललं नाही, कोणी ओरडलं नाही, नुसतं कुलूप. ज्यांनी ते लावलं ते गावातले मानाचे गृहस्थ, दर आषाढीला वारीला जाणारे, आणि त्यांच्या स्वतःच्या घरातल्या गोष्टी गावाला ठाऊक होत्या पण बोलायची कोणाची छाती नव्हती. त्या मुलीचं दोन महिन्यांत लग्न लावून दिलं. नाटक झालं नाही.

पाद्री काय आणि आमचे ते गृहस्थ काय. सिनेमात पोरांना जागा मिळू दिली नाही असं असेल तर मला तो भाग बघायला आवडेल.

उत्तरवारा

अप्पा, तुमचं ते पितळी कुलूप वाचून अंगावर काटा आला. हो, सिनेमात अगदी हाच झगडा आहे, पोरांना जमायला जागा हवीय आणि पाद्री ती मिळू देत नाही. यॉरानचा काका मात्र पोरांच्या बाजूने उभा राहतो. एडविन अडॉल्फसनने केलाय तो काका, त्या वेळचा मोठा नट, आणि काय समजुतीने केलाय! मोठी माणसं सगळीच तसली नसतात हे त्या काकामुळे सिनेमात राहतं. पाद्रीचं काम यून एल्फस्ट्रमचं आहे.

इथे १९४० च्या दशकात नाचावरून खूप मोठी ओरड झाली होती. गावोगावी जंगलाच्या कडेला, तळ्याकाठी लाकडी फळ्यांचे नाचायचे चौथरे असायचे, त्याला डान्सबाना म्हणतात, शनिवारी संध्याकाळी पोरंपोरी सायकलवरून तिथे जमायची. युद्धाच्या काळात पाद्री आणि वर्तमानपत्रं सगळे त्याच्यावर तुटून पडले, पोरं बिघडतायत, पितायत, अनीती माजलीय. त्या ओरडीला नावच पडलं 'डान्सबाने-एलेंदेत', म्हणजे नाचाच्या चौथऱ्यांची अवदसा असं म्हणता येईल. तेव्हा या सिनेमातलं भांडण कोणी हवेतून आणलेलं नाही.

असा एक जुना चौथरा आम्ही बोहुसलेनला फिरायला गेलो होतो तेव्हा बघितला. फळ्या करड्या पडलेल्या, भेगांतून गवत आलेलं, पण मधोमध एक गोल भाग अजून गुळगुळीत. नवऱ्याने बूट काढून पाय फिरवून बघितला. इतक्या वर्षांनी पण तेवढा भाग गुळगुळीत, बाकी सगळ्याला कुसळं.

शुभा, तुला सावकाश उत्तर देते, तुझं बोलणं टोचलंय मला आणि बरोबर ठिकाणी टोचलंय.

कॅमेरावेडा

थोडं अवांतर पण सांगतोच. या दोघा नटांचं पुढे काय झालं ते बघा. उल्ला याकोबसन १९५५ च्या बर्गमनच्या 'सोम्मारनात्तेन्स लेएंदे'मध्ये (इंग्रजीत 'स्माइल्स ऑफ अ समर नाइट') आहे, प्रौढ वकिलाची कोवळी बायको, आणि ती शेवटी पळून जाते सावत्र मुलाबरोबर, जो धर्मशास्त्राचा विद्यार्थी आहे. फोल्के सुंदक्विस्त १९५७ च्या 'स्मुल्त्रॉनस्तेल्लेत'मध्ये (इंग्रजीत 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज') आहे, म्हाताऱ्या प्रोफेसरच्या गाडीत बसणाऱ्या तीन तरुण पोरांपैकी एक, आणि त्याला व्हायचंय पाद्री! देव आहे की नाही यावरून मित्राशी मारामारी करतो. पुढे उल्ला १९६४ च्या 'झुलू' या इंग्रजी सिनेमात दिसते ती मिशनऱ्याची मुलगी म्हणून. धर्माने काही या दोघांची पाठ सोडली नाही.

तिच्याबद्दल वाईट वाटतं. २२ वर्षांची होती हा सिनेमा केला तेव्हा, चेहऱ्यावरचं ते भांबावलेपण, पाद्रीसमोर खाली जाणारी नजर, किती बारीक काम आहे, आणि लोकांनी आयुष्यभर तिला त्या अंघोळीपुरतं लक्षात ठेवलं. १९८२ मध्ये व्हिएन्नाला वारली.

विदुला

नुसती वाचक असते इथे, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. मी कुटुंब नियोजनाच्या कामात २६ वर्षं होते, तिथून एक धागा जोडते.

स्वीडनमध्ये लैंगिक शिक्षणाची चळवळ उभी केली ती एलिसे ओट्टेसेन-येन्सेन या बाईंनी, लोक त्यांना ओट्टर म्हणायचे. त्या मूळच्या नॉर्वेच्या, आणि पाद्रीची मुलगी! घरात अठरा भावंडं, या सतराव्या. धाकटी बहीण लग्नाआधी गरोदर राहिली तर वडिलांनी तिला गुपचूप डेन्मार्कला पाठवलं, मूल तिच्याकडून काढून घेतलं, आणि ती बहीण त्यातून कधीच सावरली नाही. ओट्टरने पुढे गावोगाव फिरून शेतमजुरांच्या, कामगारांच्या बायकांना शरीराची आणि संततिनियमनाची माहिती दिली, तेव्हा संततिनियमनाची माहिती उघड देणं कायद्याने गुन्हा होता, तरी दिली. १९३३ मध्ये संस्था काढली. आणि स्वीडनच्या शाळांत लैंगिक शिक्षण सक्तीचं झालं १९५५ मध्ये, या सिनेमानंतर चार वर्षांनी.

आता मुंबईचा भाग. नोव्हेंबर १९५२ मध्ये, म्हणजे बर्लिनला हा सिनेमा जिंकला त्याच वर्षी, मुंबईत कुटुंब नियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि आंतरराष्ट्रीय संघटना तिथे स्थापन झाली. धनवंती रामा राव आणि मार्गारेट सँगर अध्यक्ष, आणि संस्थापकांत ओट्टरही. पुढच्या वर्षीची परिषद स्टॉकहोमला. त्याच १९५३ मध्ये मुंबईत र. धों. कर्वे वारले आणि त्यांचं मासिक 'समाजस्वास्थ्य' बंद पडलं. त्या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले आणि खटला हरले, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. कर्व्यांना काय टोचायचं लोकांना? माहिती. बाईला माहिती असणं. चित्र छापलं ही तक्रार नंतरची.

शुभा म्हणते ते मला माझ्या कामावरून पटतं. शेश्टिनला कोणी काही सांगितलेलंच नाही, घरात बोलायची सोय नाही, म्हणून सगळं लपून. आमच्याकडे येणाऱ्या मुली पण अशाच यायच्या, फार उशिरा, मैत्रिणीच्या नावाने केसपेपर काढून. मी नाव परत विचारायची नाही. समोरच्या खुर्चीत बसल्या की आधी दाराकडे बघायच्या, कडी लावलीय ना म्हणून.

वाटसरू

विदुलाताई, दंडवत. असे प्रतिसाद येतात म्हणून इथे येतो मी.

उत्तरवारा, माझी शंका मागे घेतो. पण एक मात्र राहतं, पाद्री अगदीच काळा रंगवलाय असं वर्णनावरून वाटतंय. खऱ्या आयुष्यात असा माणूस थोडा तरी द्विधा असतो की नाही? एखाद्या रात्री झोप उडत असेल त्याची.

उत्तरवारा

हो वाटसरू, ते सिनेमाचं उणं आहेच, मी नाकारत नाही. त्याला एकसुद्धा एकांताचा प्रसंग दिला असता तर सिनेमा वरच्या पायरीवर गेला असता. बर्गमनचे वडील पाद्री होते, त्याच्या सिनेमांतले पाद्री आतून पोखरलेले असतात, तो घरात बघून लिहीत होता. इथे आपण पाद्रीला पोरांच्या डोळ्यांनी खालून बघतो, आणि खालून बघितलं की माणूस भिंतीसारखाच दिसतो. मला ते चाललं. तुम्हाला खटकू शकतं.

आता शुभा. दोन दिवस विचार केला. मरण तिलाच का, याचं उत्तर माझ्याकडे समाधानकारक नाही. मी आधी असं लिहिणार होते की दफन पहिल्यांदा दाखवल्यामुळे पाद्रीचं बोलणं खोटं पडतं, कारण नंतर आपण खरं काय झालं ते बघतो, अपघात तो अपघातच, त्यात पाप कुठे. पण तू म्हणतेस तशी ती जगली असती तर? ती चर्चमध्ये ताठ बसलीय आणि पाद्रीला तिच्यासमोर बोलायचंय, हा प्रसंग तू लिहिलास तेव्हापासून मला तोच दिसतोय, आणि तो सिनेमात नाही याचं आता वाईट वाटायला लागलंय. तुझ्यामुळे माझा सिनेमा थोडा मोडला. पण त्याबद्दल राग नाही.

शेजारच्या आजींना विचारलं काल. त्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या, स्मोलांडच्या एका खेड्यात. म्हणाल्या, आईने बघू दिला नाही, पण आई स्वतः मावशीबरोबर बसने तालुक्याला जाऊन बघून आली. परत आल्यावर काहीच बोलली नाही. रात्री भांडी विसळताना रडत होती, आणि आजींना वाटलं सिनेमा घाणेरडा होता म्हणून रडतेय.

शुभा_ठाणे

हे भांड्यांचं वाचून मी गप्प झाले. माझा राग तसाच आहे पण सिनेमा परत बघणार. कोणाला इंग्रजी सबटायटलवाली चांगली प्रिंट कुठे मिळते माहीत असेल तर विपू (खाजगी निरोप) करा.

उत्तरवारा

शुभा, विपू केलंय, बघ.

आणखी एक. आज दुपारी आईला नाशिकला फोनवर अख्खी गोष्ट सांगितली, पाद्री, काका, तळं सगळं, तळ्याचंही सांगितलं. ती मधे काहीच बोलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "त्या पोरीच्या घरचं कोणी रडलं का गं तिच्यासाठी?"

मी दफनाच्या प्रसंगात सगळा वेळ पाद्रीकडे आणि यॉरानकडेच बघत बसले होते, त्या नातेवाइकांच्या तोंडाकडे लक्षच गेलं नाही माझं. आज रात्री पहिली दहा मिनिटं परत लावते. बघून सांगते.